यादी चोरांची की परवानगीची?

भंडारा शहरापासून थोड्या अंतरावर जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे. तिच्या प्रवेशद्वारावरील पहारेकऱ्याजवळ देशातील झाडून साऱ्या चोरांची छायाचित्रे नसतात आणि ती असावीत अशी अपेक्षाही कोणी करीत नाही. ज्याच्याजवळ प्रवेशपत्र आहे तो आत जाईल, ज्याच्याजवळ नाही तो बाहेर राहील. मग तो माणूस कितीही सज्जन असो. स्फोटके जेथे तयार होतात तेथे याहून निराळी व्यवस्था कोणाला सुचणारही नाही. याच जिल्ह्यातील तहसील कार्यालये, पंचायत समित्या, शाळा आणि पतसंस्था यांच्या टेबलांवर जे संगणक मांडले आहेत, त्यांच्या दाराशी मात्र बहुधा नेमकी उलट रीत चालते. तेथील पहारेकऱ्याच्या हाती चोरांची यादी दिलेली आहे. यादीत ज्याचे नाव असेल त्याला अडवावयाचे. इतर सर्वांना मुक्तद्वार. ज्या चोराचे नाव अद्याप यादीत चढलेले नाही तो या दाराने सन्मानाने आत जातो आणि जाताना कोणी त्याला नावही विचारीत नाही.

ही यादी म्हणजेच ज्याला सर्वत्र अँटिव्हायरस म्हणतात ती आज्ञावली होय. एके काळी ती पुरेशी होती, हे मान्य केले पाहिजे. १९८६ साली लाहोरमधील दोघा भावांनी रचलेला ‘ब्रेन’ हा व्यक्तिगत संगणकांवरील पहिला विषाणू मानला जातो. तो फ्लॉपीवरून पसरे आणि त्यामुळे त्याचा प्रवास माणसाच्या खिशातून, माणसाच्याच गतीने होई. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ तयार केले, तेव्हाही विषाणूंची ओळख पटवून त्यांची नोंद करणे हे माणसाच्या आवाक्यातील काम होते. आता ते तसे राहिलेले नाही. जर्मनीतील एव्ही-टेस्ट ही संस्था अशा आज्ञावलींची गणती ठेवते. तिच्या नोंदीत दररोज चार लाखांहून अधिक नव्या घातक वा अनिष्ट आज्ञावलींची भर पडते. त्यांतील पुष्कळशा जुन्याच असतात, केवळ वेष पालटून आलेल्या. परंतु यादीतील वर्णनाशी न जुळण्यास तेवढा पालटही बहुधा पुरतो. ही यादी अलीकडे आज्ञावलीच्या संशयास्पद वर्तनावरही नजर ठेवू लागली आहे हे खरे. तथापि संशय येईपर्यंत पाहुणा घरात शिरलेला असतो.

मग निर्माणीच्या पहारेकऱ्याची रीत संगणकाला का लावू नये? चोरांची यादी वाढवीत बसण्यापेक्षा ज्यांना काम करू द्यावयाचे अशा मोजक्या आज्ञावलींची यादी करावी आणि तीत नसलेली कोणतीही आज्ञावली संगणकाने चालवूच नये, हा तो विचार. एका तहसील कार्यालयातील लिपिकाला दिवसभरात किती आज्ञावली लागतात? लेखनाची एक, हिशेबाच्या तक्त्यांची एक, आंतरजालावरील शासकीय संकेतस्थळे उघडण्यासाठी एक, छपाईयंत्राची एक, अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या उपकरणाची एक, डिजिटल स्वाक्षरीची एक. विशेष कामाच्या आणखी दोन-चार धरल्या तरी यादी एका पानात मावते. जगातील दुष्टांची मोजदाद करण्यापेक्षा हे एक पान लिहिणे सोपे आहे, हे सांगण्यास तज्ज्ञाची आवश्यकता नाही.

नमुना स्वाक्षरीचा न्याय

ही व्यवस्था कशी चालते ते समजण्यास शिक्षकांना व लिपिकांना अवघड जाऊ नये. कारण कोषागारात ती कागदावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आहरण व संवितरण अधिकाऱ्याची नमुना स्वाक्षरी कोषागाराकडे नोंदलेली असते आणि देयकावरील स्वाक्षरी तिच्याशी जुळल्याखेरीज पैसा हलत नाही. संगणकात याला समांतर अशा तीन पद्धती आहेत. पहिलीत आज्ञावलीचा गणिती ठसा काढून ठेवतात. प्रचारातील एका पद्धतीने काढलेला हा ठसा ६४ अक्षरांचा असतो आणि मूळ आज्ञावलीत एका बिंदूचा जरी फरक झाला तरी तो साराच पालटतो. दुसरीत आज्ञावली बनविणाऱ्या संस्थेची डिजिटल स्वाक्षरी पाहतात. तिसरीत केवळ जागा पाहतात: अमुक कप्प्यात ठेवलेल्या आज्ञावली चालू द्याव्यात, अन्य नव्हे. ठसा सर्वांत पक्का, पण आज्ञावलीची सुधारित आवृत्ती आली की तो पुन्हा घ्यावा लागतो. स्वाक्षरीने ती यातायात वाचते. जागेचा नियम सर्वांत सोपा आणि सर्वांत कच्चा. त्या कप्प्यात कोणालाही काहीही ठेवण्याची मुभा असेल तर नियमाला अर्थच उरत नाही, आणि आपल्या कार्यालयांतून ती मुभा सर्रास असते.

या सोयीसाठी वेगळे काही विकत घ्यावे लागते असेही नव्हे. विंडोजच्या कार्यालयीन आवृत्त्यांत ती २००१ पासून या ना त्या रूपात आहे. ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण खात्यातील संगणक-सुरक्षा तज्ज्ञांनी २०११ साली उपायांची जी क्रमवारी लावली तिच्या पहिल्या चार उपायांत ही गोष्ट होती, आणि २०१३ पासून हे चार उपाय तेथील संघराज्य शासनाच्या कार्यालयांवर बंधनकारक झाले. २०१४ साली तेथील लेखापरीक्षकांनी सात मोठ्या कार्यालयांची तपासणी केली तेव्हा चारही उपाय पूर्णपणे अमलात आणलेले एकही कार्यालय त्यांना आढळले नाही. संपन्न देशात, बंधनकारक असूनही ही स्थिती. उपाय ठाऊक असणे आणि तो दररोज पाळणे यांतले अंतर किती मोठे आहे याची ही साक्ष आहे. लाखांदूर वा साकोलीचा विचार करताना ती विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला वाचा फुटली ती पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील दरोड्याने. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी जगातील २८ देशांतील यंत्रांतून, बनावट कार्डांच्या साह्याने, सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये काढण्यात आले. भारतातील २,८४९ व्यवहारांतून आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या आंतरबँक संदेशव्यवस्थेतून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगमधील एका खात्याकडे वळविले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. १९०६ साली स्थापन झालेल्या, शतकाहून अधिक वयाच्या एका सहकारी संस्थेची ही हानी. रोकड काढणाऱ्या हस्तकांपैकी ११ जणांना पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये दोषी ठरविले. ज्यांनी बाहेरून सूत्रे हलविली ते अर्थातच त्या पिंजऱ्यात नव्हते.

हे घडले कसे? ग्राहक यंत्रात कार्ड घालतो तेव्हा ‘पैसे द्यावेत काय’ हा प्रश्न बँकेच्या मध्यवर्ती सर्व्हरकडे जातो आणि खाते तपासून होकार वा नकार परत येतो. चोरांनी बँकेच्या संगणकजालात घातक आज्ञावली घुसवून या प्रश्नोत्तराच्या वाटेवर स्वतःचा तोतया उत्तरदाता बसविला. प्रश्न खऱ्या खात्यापर्यंत पोहोचलाच नाही. तोतया प्रत्येक प्रश्नाला होकार देत राहिला. अनुमत आज्ञावलींची यादी असती तर हा सारा प्रकार टळलाच असता, असे छातीठोकपणे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; एवढ्या तयारीचा शत्रू एक दार बंद दिसले तर दुसरे शोधतो. परंतु जेथे ठरावीक कामासाठी ठरावीक आज्ञावलीच चालावयाच्या, तेथे एक परकी आज्ञावली येऊन बसते आणि तिला कोणी हटकत नाही, ही गोष्ट साधी नव्हे.

विशेष म्हणजे या दिशेचा आदेश त्यापूर्वी जेमतेम सात आठवडे आधी निघाला होता. २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने सर्व एटीएम यंत्रांत केवळ अनुमत आज्ञावलीच चालतील अशी व्यवस्था मार्च २०१९ पर्यंत बसविण्यास सांगितले होते. पुष्कळशी यंत्रे तोवर विंडोज एक्सपीवर चालत होती आणि त्या प्रणालीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबविली होती. त्या यंत्रांची प्रणाली टप्प्याटप्प्याने बदलून जून २०१९ पर्यंत ते काम पुरे करावे, असेही त्यात होते. अर्थात हा आदेश चौकातल्या यंत्रापुरता होता. पुण्यात फसविली गेली ती त्यामागची यंत्रणा. नागरी सहकारी बँकांसाठी स्वतंत्र सुरक्षा-चौकट १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, म्हणजे दरोड्यानंतर, आली. आज भंडाऱ्यातील वा तुमसरमधील एटीएमसमोर उभा राहणारा ग्राहक या पद्धतीच्या पहाऱ्यावर, स्वतःच्या नकळत, विसंबून असतो.

एका अर्थी भंडाऱ्याच्या शिक्षकाने याहूनही कडक नियमाचे यंत्र स्वतःच्या हातांनी हाताळले आहे. मतदानयंत्रातील आज्ञावली चिपवर एकदाच कोरली जाते, पुन्हा लिहिता येत नाही, असे निवडणूक आयोग सांगतो. म्हणजे येथे अनुमत यादीत एकच नाव. मतदानयंत्रावरील राजकीय वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु २८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत जे घडले ते या विषयाला धरून आहे. त्या दिवशी मोठ्या प्रमाणावर यंत्रे, विशेषतः मतदाराला चिठ्ठी दाखविणारी व्हीव्हीपॅट यंत्रे, बंद पडली आणि ४९ केंद्रांवर ३० मे रोजी फेरमतदान घ्यावे लागले. परकी आज्ञावली शिरल्यामुळे हे झाले नव्हते. विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात, प्रखर प्रकाशात उपकरणाच्या संवेदकांनी दगा दिला, असे सांगण्यात आले. आत काय चालावे याचा बंदोबस्त चोख असला तरी यंत्र चालेलच असे नाही आणि त्याच्यावर लोकांचा विश्वास बसेलच असेही नाही. मतदार-चिठ्ठीची सोय ज्या कारणासाठी आली ते हेच. पुढे २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, दुसऱ्या वा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने मागणी केल्यास मतदारसंघातील प्रत्येक विधानसभा विभागातील पाच टक्के यंत्रांच्या चिपची तपासणी करण्याची वाट उघडून दिली. बंद दाराच्या आत खरोखरच तीच आज्ञावली आहे ना, हे विचारण्याचा हक्क त्यातून मान्य झाला. कार्यालयीन संगणकाच्या बाबतीत हा प्रश्न विचारतो कोण?

अडचण एका टंकाची

आता हीच रीत जिल्ह्यातील एखाद्या पंचायत समितीत उद्या सोमवारपासून लागू केली, अशी कल्पना करावी. सकाळी वरिष्ठ कार्यालयाचा निरोप येतो की सोबतच्या तक्त्यात दुपारी चारपर्यंत माहिती सादर करावी. तक्ता उघडतो आणि पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग उमटते, कारण तो श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकात लिहिला आहे आणि तो टंक या संगणकावर नाही. विंडोजमध्ये युनिकोड मराठीची सोय गेली पंचवीस वर्षे आहे, शासनाचा आग्रहही युनिकोडचाच आहे. तरीही जुन्या टंकलेखन यंत्रावर बोटे वळलेल्या लिपिकाला तोच कळफलक हवा असतो आणि त्यासाठी वेगळी आज्ञावली लागते. आजवर तो काय करीत आला? शेजारच्या कार्यालयातून पेनड्राइव्हवर ती आणतो. पुष्कळदा ती मूळ विकत घेतलेली नसते, कुलूप फोडलेली असते, आणि कुलूप फोडणाऱ्याने सोबत आणखी काय पाठविले आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो.

नव्या व्यवस्थेत ती आज्ञावली चालणार नाही. परवानगी मागावयाची तर कोणाकडे? जिल्ह्याकडे, तेथून नागपूरला, तेथून मुंबईला. उत्तर येईतो दुपारचे चार केव्हाच वाजून गेलेले असतात. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. माहिती उशिरा दिली म्हणून लिपिकाला कारणे दाखवा नोटीस मिळते. अनोळखी आज्ञावली संगणकावर चढविली म्हणून ती मिळाल्याचे क्वचितच ऐकू येते. अशा स्थितीत तो शहाणा माणूस काय करील हे वेगळे सांगावयास नको. बाजारातला संगणक दुरुस्त करणारा मुलगा येईल, दहा मिनिटांत पहारा उठवून देईल, आणि कागदोपत्री मात्र कार्यालय सुरक्षित झाल्याचा अहवाल वर जाईल. ऑस्ट्रेलियाच्या लेखापरीक्षकांना जे दिसले त्याचे मूळ बहुधा याहून फार वेगळे नसावे.

या टेबलांवरील कामाचे मोल मोठे आहे. तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ई-फेरफार प्रणालीत डिजिटल स्वाक्षरीने नोंद करतो. त्या संगणकात परकी आज्ञावली असणे म्हणजे सातबाऱ्याच्या दप्तराची किल्ली परक्याच्या हातात असणे. धानाच्या या जिल्ह्यात आधारभूत खरेदी केंद्रावर शेतकऱ्याची नोंदणी संगणकावर होते, त्याच्या बँक खात्याचा क्रमांक तेथे जातो. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सर्व्हरवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला होऊन कार्यालयांचे काम खोळंबले होते. ३१ जुलै २०२४ रोजी एका सेवा-पुरवठादार कंपनीवर असाच हल्ला झाला, तेव्हा देशातील सुमारे ३०० लहान बँकांना राष्ट्रीय देयक जालापासून तात्पुरते तोडावे लागले. मोठ्या बँकेचा खातेदार अशा वेळी दुसऱ्या बँकेत जातो. ज्या गावात सहकारी बँकेची एकच शाखा आहे तेथील खातेदार पायरीवर बसून राहतो.

यादी कोणाच्या हाती?

या साऱ्या विवेचनात आणखी एक प्रश्न दडलेला आहे, आणि उत्साही तंत्रज्ञ तो सहसा टाळतात. चोरांची यादी चुकली तर एखादा चोर आत येतो. अनुमतांची यादी चुकली तर सज्जन बाहेर राहतो, आणि यादी ज्याच्या हाती तो धनी होतो. मोबाइलवर ही व्यवस्था लोकांनी न विचारता स्वीकारलेलीच आहे. गूगलच्या दुकानातून येईल तेच सुरक्षित, बाहेरून येणारे धोक्याचे, असा तो नियम. लग्नपत्रिकेच्या वा वाहनदंडाच्या नावाने येणाऱ्या फसव्या एपीके फायलींनी जे घडविले आहे ते पाहता नियम चुकीचा म्हणता येत नाही. पण १ मार्च २०२४ रोजी याच गूगलने शुल्काच्या वादावरून काही भारतीय कंपन्यांची अ‍ॅप दुकानातून काढून टाकली. नोकरी शोधण्याची आणि विवाह जुळविण्याची लोकप्रिय अ‍ॅप त्यांत होती. केंद्र शासनाने मध्ये पडल्यावर ती थोड्याच दिवसांत परत आली. सुरक्षेसाठी उभारलेले फाटक वसुलीसाठीही वापरता येते, ते असे. आणि यादीतल्या नावावर विसंबून निर्धास्त राहावे तर १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवावा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्याच सदोष सुधारणेने जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. ती आज्ञावली प्रत्येक ठिकाणी मान्यताप्राप्तच होती.

मान्य आज्ञावली अमान्य कामाला लावता येते हेही ध्यानात घ्यावे लागते. २०२५ साली नागपूर विभागात, ज्यात भंडारा येतो, बोगस शालार्थ ओळखक्रमांकांचे प्रकरण उघडकीस आले. अपात्र शिक्षकांच्या नावे वेतन काढल्याचा आरोप त्यात आहे. तेथे कोणताही विषाणू नव्हता. आज्ञावली शासनाची होती, संकेतशब्दही खरे होते. आरोप आहेत ते माणसांवर. पहारेकरी कितीही दक्ष असला तरी प्रवेशपत्रधारकाच्या मनात काय आहे ते त्याला दिसत नाही.

म्हणून या पद्धतीचा आग्रह धरावयाचा तर तो सरसकट धरू नये. ज्या संगणकावरून पैसा हलतो, ज्यावर डिजिटल स्वाक्षरीची किल्ली लागते, ज्यात वेतनाची वा जमिनीची नोंद होते, त्यांनाच प्रथम हा पहारा बसवावा. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. नवी यंत्रे येईपर्यंत जी जुनी वापरणे भाग आहे त्यांचा क्रम तर सर्वांत वर लागतो. शाळेतील विद्यार्थ्यांच्या संगणक-कक्षाला मात्र हा नियम लावणे म्हणजे प्रयोगशाळेला कुलूप लावण्यासारखे होईल. मुलगा स्वतः लिहितो ती आज्ञावली कोणाच्याच यादीत नसते, आणि ती चालवून पाहण्यासाठीच तो कक्ष आहे. त्या कक्षाचे जाल मुख्याध्यापकांच्या वेतनाच्या संगणकापासून तोडावे, तेवढे पुरे.

राहता राहिला परवानगीचा प्रश्न, आणि सारे तेथेच अडते. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे कार्यालय प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. तेथे वा जिल्हाधिकारी कार्यालयात एका अधिकाऱ्याकडे नावानिशी ही यादी सोपवावी आणि नवी आज्ञावली तपासून होय वा नाही हे दोन कामकाजाच्या दिवसांत, लेखी, कळविण्याचे बंधन त्याच्यावर घालावे. नकार असेल तर कारण द्यावे आणि काम कसे भागवावे तेही सांगावे. मराठी टंकांचे व कळफलकांचे अधिकृत संच त्याने आधीच यादीत घालून ठेवले तर निम्मे अर्ज येणारच नाहीत. सातही तालुक्यांतून कोणी काय मागितले, कधी मागितले आणि उत्तर केव्हा गेले याची नोंदवही ठेवावी आणि ती लेखापरीक्षणात तपासली जावी. विंडोजमध्ये या पहाऱ्याला आरंभी केवळ निरीक्षणावर ठेवण्याची सोय आहे: काहीही अडवावयाचे नाही, यादीबाहेरचे काय चालले तेवढे टिपून ठेवावयाचे. असा एक महिना दिवाळीनंतरच्या धान खरेदीची गर्दी सुरू होण्यापूर्वी घालविता येईल. त्या महिन्याच्या टिपणांत बाजारातून आणलेले टंक, कुलूप फोडलेल्या आज्ञावली, मुलांनी चढविलेले खेळ आणि कोणालाच ठाऊक नसलेली काही नावे निघतील. ती टिपणे यादी लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः, संबंधित लिपिकाला समोर बसवून आणि त्याच्यावर कारवाईची टांगती तलवार न ठेवता, वाचून काढावीत.